ओपलच्या तोंडी घातलेली वाक्यं

मार्च लागला की आमच्या बिबवेवाडीत उन्हाच्या आधी पाट्या तापतात. काल जिन्यात सेक्रेटरींनी नवी लावली: ‘परीक्षा मुलांच्या आहेत, टीव्ही आपला आहे. आवाज कोणाचा कमी करायचा हे सुज्ञांस सांगणे न लगे.’ झेरॉक्सच्या दुकानांपुढे रांगा, शाळांच्या फाटकाबाहेर पाण्याच्या बाटल्या घेऊन ताटकळलेले आईबाप, कडुनिंबाची पिवळी पानं स्कूटरच्या सीटवर. घरात दहावीचं कुणी नसलं तरी हे दिवस मला नकोसे होतात. पूर्वी ते गणितामुळे व्हायचे. गेली चार वर्षं त्याचं कारण वेगळं आहे, आणि यंदा तर त्या कारणाची टीव्हीवर जाहिरातच लागली.

परवा दुपारी मेथी निवडता निवडता मी टीव्ही लावून ठेवला होता, नुसती सोबत म्हणून. एका मराठी वाहिनीनं जाहीर केलं की परीक्षांच्या दिवसांत ‘दमलेल्या आईबाबांसाठी’ जगभरातले जुने गाजलेले चित्रपट पुन्हा दाखवणार. दर रविवारी दुपारी एक वाजता, आपल्या मराठीत. मग त्यातल्या एका अमेरिकी चित्रपटातली स्वयंपाकीण ओपल पडद्यावर आली. भरलेल्या अंगाची, काळीभोर, डोक्याला रुमाल, कडक इस्तरीचा पांढरा एप्रन, हातात पळी. तिनं मालकिणीकडे बघून तोंड उघडलं आणि पुण्याजवळच्या मांजरी गावच्या शिवारातलं अस्सल मराठी बोलली. मागून हशा आला. चित्रपटात तो हशा नाही, जाहिरातवाल्यांनी वरून टाकला होता. मी टीव्ही बंद केला आणि जुडी हातात धरून तशीच बसले.

ओपलला ते मराठी मी दिलंय.

माझा धंदा सांगायला हवा. परदेशी चित्रपट मराठीत बोलायला लागतात तेव्हा कुणीतरी ते बोलणं लिहिलेलं असतं. मी ते लिहिते. पडद्यावरचा माणूस किती वेळ तोंड हलवतो ते मोजायचं आणि तेवढ्याच मापाचं मराठी वाक्य त्यात बसवायचं. ओठ मिटले की आपल्याही वाक्यात तिथे प किंवा म यायला हवा. शिवणकामासारखंच आहे हे, माप चुकलं की झोळ दिसतो. या कामाचे काही अलिखित नियम आहेत. राजा, डॉक्टर, वकील आणि नायिका पुस्तकातलं मराठी बोलतात. गुंड हिंदीमिश्रित बोलतो. नोकर, माळी, स्वयंपाकीण आणि गाढव असेल तर गाढव, हे सगळे गावाकडचं बोलतात. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, कुणी विचारत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं. उलट त्यामुळेच मला काम मिळायचं. डबिंगचे दिग्दर्शक खांबेटे फोनवर म्हणायचे, ‘‘सुजाताताई, नोकरमंडळी तुम्ही घ्या. तुमच्याकडे ते आपसूक येतं.’’

आपसूक येतं हे खरंच होतं. आई मांजरीची. लग्न होऊन बिबवेवाडीच्या दोन खोल्यांत आली ती बोलणं बरोबर घेऊन आली. मी पाचवीत पेठेतल्या शाळेत गेले तोवर तेच बोलत होते. पहिल्या दिवशी बाईंनी हजेरी घेतली, मी ‘हाय बाई’ म्हणाले आणि अख्खा वर्ग बाकांवर आडवा झाला. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मी ‘आहे’ म्हणायला शिकले होते. घरी एक, शाळेत एक, अशी दोन बोलणी मी दोन चपला बदलाव्यात तशी बदलत असे, आणि त्याचा मला अभिमानही होता. पुढे त्याच अभिमानावर माझं पोट चाललं.

माझे वडील, आमचे अण्णा, सरकारी कचेरीत कारकून होते आणि त्यांना जुन्या इंग्रजी चित्रपटांचं वेड होतं. रविवारी दुपारी सरकारी वाहिनीवर असला काही लागला की ते मला मांडीशी घेऊन बसत. इंग्रजी मला कळत नसे, त्यांनाही अर्धंच कळत असावं. पण ते नायक-नायिकेकडे बघतच नसत. म्हणायचे, ‘‘ती बघ, ट्रे घेऊन आली ती काळी बाई. आता ती जाईल. तिच्याकडे कुणी बघणार नाही. तू बघ.’’ मी बघायची. कधी ती बाई दार उघडायची, कधी कोट हातात घ्यायची, कधी नायिकेच्या केसांना ब्रश करत हसायची. पूर्ण चित्रपटात तिला चार वाक्यं असली तरी खूप. अण्णा म्हणत, त्या लोकांनी जे सोसलं ते वाचताना मला आपल्या गावाची वेस दिसते. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. वेस म्हणजे काय आणि आपली घरं तिच्या बाहेर का, ते मला नंतर कळलं. पण कोपऱ्यातल्या बाईकडे बघायची सवय मला तेव्हापासून लागली. म्हणूनच पुढे मी जे केलं त्याला अजाणतेपणाचं कारण देता येत नाही.

आपल्याकडचे जुने चित्रपट या बाबतीत काही मागे नव्हते. नायक विमानातून पडला किंवा बोटीतून वाहत गेला की एका बेटावर पोचायचा आणि तिथे अंगाला काळं फासलेली, डोक्यात पिसं खोचलेली माणसं भाले घेऊन गोल गोल नाचायची. आतून ती सगळी स्टुडिओतली गोरीगोमटी मंडळीच असायची, काखेत रंग लावायला विसरलेली. विनोदी नट कुणाला फसवायला निघाला की आधी तोंडाला काजळ चोपडायचा. नायिका एका भूमिकेत गोरी आणि दुःखी असायची, दुसऱ्या भूमिकेत सावळी आणि आचरट. आम्ही हे डोळे फाडफाडून बघितलं. आणि मग स्नेहसंमेलनात केलं.

सहावीतलं आमचं ‘आदिवासी नृत्य’ मला चांगलं आठवतंय. सगळ्या मुलींना एका रांगेत उभं करून पोस्टर कलर आणि काजळ कालवून फासत होते. माझी पाळी आली तेव्हा बाईंनी माझ्याकडे बघून ब्रश खाली ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘हिला नको. रंग वाचला.’’ मागच्या मुली हसल्या. मग मीच हट्ट करून रंग लावून घेतला, सगळ्यांसारखा. घरी आले तेव्हा तो वाळून ताणत होता. आईनं मला मोरीत बसवलं, खोबरेल तेलानं चोळचोळून तोंड, मान, हात धुतले. मी रडत होते. बाई काय म्हणाल्या ते मी सांगितलं. आई तेल चोळत राहिली. मग माझा दंड उजेडात धरून म्हणाली, ‘‘समदा निगाला बग. आता ऱ्हायला त्यो आपला हाय.’’

ती तेवढंच म्हणाली. पण त्यानंतर मी रंगावरून कधी रडले नाही.

या आईचं बोलणं मी विकलं. चार वर्षांपूर्वीच्या अशाच परीक्षांच्या दिवसांत.

तेव्हा माझी मुलगी संबोधी दहावीला होती. आई रोज सकाळी दोन गल्ल्या ओलांडून आमच्याकडे यायची, नातीच्या खाण्यापिण्याचं बघायला. संबोधी आतल्या खोलीत, मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून, आई ओट्यापाशी. घरात पंख्याचा आवाज, हरभऱ्याची उसळ शिजल्याचा वास, आणि मधेच संबोधीचं ‘आजी, भूगोल जाणार गं माझा’ असं रडगाणं. माझ्या पडद्यावर तो चित्रपट. कृष्णधवल, अमेरिकेच्या दक्षिणेतलं मोठं घर, खांबांच्या ओळी, धाकट्या मुलीचं लग्न मोडतं की राहतं याची गोष्ट. चित्रपट चांगला होता. आजही म्हणेन. खिडकीतून जिन्यावर पडणारं ऊन छायाचित्रकारानं असं टिपलंय की कृष्णधवल असूनही त्याची ऊब लागते. आणि त्या घराच्या स्वयंपाकघरात ओपल. आडनाव नाही, घर नाही, नवरा आहे का मेला ते कुणी बोलत नाही. ती रांधते, रागावते, मालकाच्या मुलीला पोटाशी धरते, आणि दर दहा मिनिटांनी काहीतरी असं बोलते की लोकांनी हसावं.

ओपलचे ओठ हलायचे आणि मी माप मोजत बसायची. वाक्य सुचेना की नकळत मान वर व्हायची. समोर आई संबोधीपुढे ताट ठेवून म्हणत असायची, ‘‘खा गं माजे आये. पोटात आन्न आसंल तर डोस्क्यात आक्षर ऱ्हातंय.’’ मी मोजलं. बरोब्बर बसलं. ‘अक्षर’च्या जागी दुसरा शब्द घातला की ओपलचंच वाक्य. मी टाइप केलं. मग दुसरं, मग तिसरं. आई बोलत होती, मी टिपत होते. तिला वाटत होतं लेक काम करतेय, आणि लेक काम करतच होती. आठवडाभरात ओपल पूर्ण झाली. इतकं सोपं काम मला पूर्वी कधी गेलं नव्हतं.

एक जागा मात्र अडली होती. पाहुणे जेवायला बसलेत, कुणीतरी ओपलवर विनोद करतं, सगळे हसतात, आणि क्षणभर ती त्यांच्याकडे न बघता बाजूच्या भिंतीकडे बघते. ओठ किंचित हलतात. मूळ चित्रपटात तिथे शब्द नाही. मी ते परत परत लावून बघितलं. अख्ख्या चित्रपटात त्या नटीला स्वतःसाठी मिळालेला तो एवढाच वेळ होता, असं मला आजही वाटतं. मी जागा कोरी सोडली. खांबेट्यांचा फोन आला, ‘‘अहो, ओठ हलतायत तिथे. लोकांना वाटेल आवाज गेला. टाका काहीतरी मजेशीर.’’ मी टाकलं, तेही आईचंच.

एरंडवण्यातल्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण झालं तो दिवस मी विसरायचा बराच प्रयत्न केला. ओपलचा आवाज द्यायला नेहा म्हणून एक मुलगी आली होती. गुणी, कष्टाळू, पण गावाकडचं बोलायला लागली की शाळेतल्या नाटुकल्यातली पाटलीण वाटायची. चार-पाचदा घेऊनही जमेना. तेव्हा खांबेटे मला म्हणाले, ‘‘तुम्हीच एकदा म्हणून दाखवा बरं.’’ मी काचेच्या खोलीत गेले. कानांवर हेडफोन चढवले. समोर ओपल, आणि मी आईच्या आवाजात बोलले. तिचा हेल, वाक्याच्या शेवटी श्वास टाकायची तिची पद्धत, कमरेवर हात ठेवून मान तिरकी करणं, सगळं. काचेपलीकडे चौघंजण हसून हसून वाकले. खांबेट्यांनी टाळी दिली. ‘‘हेच! हेच हवंय! कुठून आणलंत हो हे?’’

मी म्हणाले, ‘‘असंच. कुठेतरी ऐकलेलं.’’

कुठेतरी ऐकलेलं! घरी माझी आई माझ्या मुलीसाठी पोळ्या लाटत होती. हे वाक्य मला आजही आंघोळ करताना, सिग्नलला थांबले असताना अचानक आठवतं आणि कानशिलं तापतात. नेहानं ते सगळं ऐकून घेतलं, उचललं, वर थोडा स्वतःचा मसाला घातला, आणि ओपल बोलू लागली.

परीक्षा संपल्या आणि एका रविवारी तो चित्रपट लागला. आईनं आपल्या घरी बघायचा ठरवला. समोरच्या परांजपेकाकूंना बोलावलं, ‘‘आमच्या सुजीनं लिवलेला पिच्चर हाय’’ म्हणून. चिवडा केला. पडद्यावर ओपल आली, दोनच वाक्यं बोलली, आणि काकू टाळी वाजवून म्हणाल्या, ‘‘अहो सुजाताच्या आई, ही तर डिट्टो तुमच्यासारखी बोलते हो!’’ त्यात खोट नव्हती. काकूंच्या मनात जे येतं ते तसंच तोंडावाटे बाहेर पडतं. आई हसली. पुढच्या अर्ध्या तासात काकू आणखी सात-आठ वेळा हसल्या आणि आई दर वेळी हसली, चहा ओतत राहिली. मधेच तिनं माझ्याकडे बघितलं. चित्रपट संपल्यावर ती मला म्हणाली, ‘‘छान लिहिलं आहेस.’’

मला काहीच जाणवलं नाही. सुटले, असंच वाटलं.

जाणवायला महिने लागले. आईचा फोन यायचा. ‘‘मी बरी आहे. तू जेवलीस का?’’ ‘‘औषध घेतलं आहे.’’ ‘‘उद्या येणार आहेस ना, सुजाता?’’ मला वाटायचं हिला बरं नाही. आवाजात काहीतरी अंतर पडलंय, पण काय ते बोट ठेवून सांगता येईना. एकदा रक्तदाब तपासून आणला. डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहेत. शेवटी संबोधीच म्हणाली. ती तेव्हा अकरावीत होती. ‘‘मम्मी, तू नोटीस केलंयस का? आजी तुझ्याशी एकदम फॉर्मल बोलते. बातम्या लागल्या की ती त्या अँकरच्या मागून पुटपुटते पण. मला आधी वाटलं प्रार्थना वगैरे म्हणतेय.’’

मी हातातलं काम टाकून आईकडे गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आई फोनवर मावशीशी बोलत होती, मांजरीच्या. ‘‘आगं तर काय! म्या म्हनलं, जा तिकडं, माज्या डोस्क्याला तरास नगं दिऊ...’’ आणि खदखदून हसत होती. कितीतरी दिवसांत तिचं तसं हसणं ऐकलं नव्हतं. मी दार ढकललं. ती म्हणाली, ‘‘ये. बस. पाणी देऊ का?’’

तेव्हापासून मी तिच्याकडे जाते, बसते, पाणी पिते. आमचं भांडण नाही. ती माझे लाड करते, डबे देते, ताप आला तर रिक्षा करून येते. फक्त माझ्याशी बोलताना ती शुद्ध बोलते. जोडाक्षरं सावकाश, चुकू नये म्हणून जपून. लोकांना हे सांगितलं तर म्हणतील, बरंच झालं की, सुधारली. मी कुणाला सांगत नाही. पण मला जन्मापासून जो आवाज ओळखीचा आहे तो ती आता मला देत नाही, आणि तो मागायला माझं तोंड होत नव्हतं.

दरम्यान ओपल गाजली. तिचे तुकडे लोकांच्या फोनवरून फिरले. ‘ओपल मावशीचे सल्ले’ म्हणून मलाच तीन गटांवर आले, खाली हसणारे पिवळे चेहरे. वाघोलीच्या हॉस्टेलवरून संबोधीचा फोन आला, आता ती इंजिनीअरिंगला आहे. ‘‘मम्मी, आमच्या वर्गात सुदानचा एक मुलगा आहे. कँटीनमध्ये सगळे तो व्हिडिओ बघून हसत होते. त्यानं बघितलं आणि मला विचारलं, ही बाई काय म्हणतेय? मी काय सांगू त्याला? की तिच्या तोंडात माझी आजी घातलीये?’’ मी विषय बदलू पाहिला. ती म्हणाली, ‘‘तू आजीशी बोललीस का एकदा तरी?’’ आणि मग, तिच्या आजोबांना शोभेल अशा स्वरात, ‘‘बोल. नुसतं टेन्शन घेऊन काय होणारे?’’

जुने चित्रपट बघू नयेत असं मी म्हणणार नाही. ते ऊन, ते जिने, ती माणसं पुन्हा कुणी करणार नाही. पण ते प्रेमानंच केलेले होते, हे कौतुक मला आता पुरत नाही. ओपल लिहिणाऱ्यानं ती प्रेमानंच लिहिली असणार. ज्या घरात ती लहानाची मोठी झाली असं दाखवलंय तिथे सगळे तिच्यावर माया करतात, आणि कुणी तिला बस म्हणत नाही. मीही प्रेमानंच लिहिली. आईचं बोलणं मला आवडतं म्हणूनच ते मला पाठ होतं. त्या परदेशी लोकांनी काळ्या बाईला हशासाठी जे दिलं होतं, त्यावर मी आमच्याकडचं तसंच काहीतरी शोधून नेमकं बसवलं, आणि माप इतकं चपखल बसलं की कुणाला शिवण दिसली नाही. आपण जातीला जात म्हणतो, त्यांच्या वंशाला वंश म्हणतो. हसायची वेळ आली की दोन्हीकडे बोट एकाच माणसाकडे जातं, भांडी घासणाऱ्याकडे. अण्णा असते तर त्यांनी हे पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं असतं. ते नाहीत याचं त्या वर्षी मला, लाज वाटते सांगायला, बरं वाटलं होतं.

परवाची जाहिरात बघून मी खांबेट्यांना फोन केला. म्हटलं, ओपलचा भाग पुन्हा लिहून देते, पुन्हा मुद्रित करा. ते म्हणाले, ‘‘सुजाताताई, उन्हाचा त्रास होतोय का तुम्हाला? लोक तिच्यासाठीच बघतात तो.’’ मी म्हटलं, मग निदान भिंतीकडे बघते तिथलं वाक्य काढा. ते म्हणाले, ‘‘तोच तर सगळ्यांत फिरलेला तुकडा आहे.’’ फोन ठेवल्यावर मी विचार करत बसले, की पुन्हा लिहिलं असतं तर काय लिहिलं असतं? ओपलला शुद्ध बोलायला लावलं असतं? म्हणजे आईनं स्वतःचं जे केलं तेच मी ओपलचंही करायचं? की मालकिणीला मांजरीचं बोलायला लावायचं आणि बघायचं कोण हसतं ते? शनिवारी भाजी करपली, दूध उतू गेलं.

रविवारी साडेबाराला आईकडे गेले. बाहेर रस्ता तापलेला, शाळेच्या भिंतीला टेकून उद्याच्या पेपराची पानं चाळणारी दोन मुलं. आई जमिनीवर बसून हरभरा सोलत होती. वर फळीवर बुद्धाची मूर्ती, शेजारी अण्णांचा फोटो. टीव्ही तिनं लावूनच ठेवला होता.

‘‘आई, हा नको बघूया.’’

‘‘का? तू लिहिलेला आहे ना?’’

‘‘म्हणूनच.’’

ती सोलत राहिली. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. टेबलावरून तिची वाक्यं कशी टिपली, काचेच्या खोलीत तिचा आवाज कसा काढला, खांबेट्यांनी विचारलं तेव्हा मी काय म्हणाले. ‘कुठेतरी ऐकलेलं’ हे म्हणताना माझा आवाज फुटला. आईनं एक घाटा फोडला, दाणे वाटीत टाकले.

‘‘मला तेव्हाच कळलं होतं,’’ ती म्हणाली. ‘‘माझीच वाक्यं आहेत, मला नाही कळणार? त्याचं काही नाही. परांजपेबाई हसल्या त्याचंही काही नाही, त्या कशालाही हसतात. मी तुझ्याकडे बघितलं होतं. तू पण हसत होतीस.’’

मला हे आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. पण ती खोटं बोलत नाही.

‘‘मग मी ठरवलं,’’ ती पुढे म्हणाली, अगदी शांतपणे, ‘‘लेकीला आपलं बोलणं हसण्यासारखं वाटतं, तर आपण बदलावं. तू नाही का बदललंस, पाचवीत असताना? त्या वयात तुला जमलं. मला जरा वेळ लागला. बातम्यांमधली ती बाई बरी आहे, सावकाश बोलते.’’

‘‘आई, मला ते नकोय. तू माझ्याशी आधीसारखं बोल. मावशीशी बोलतेस तसं. प्लीज.’’

आईनं वाटी बाजूला ठेवली, पदराला हात पुसले. ‘‘काय बोलू?’’

‘‘काहीही.’’

तिनं घसा साफ केला. ‘‘आगं सुजे,’’ ती म्हणाली, ‘‘आशी काय बसलीयास तोंड पाडून, खाऊन घे की वाईच...’’ आणि तिथे तिचा हेल उंच चढला, नको तितका लांबला, मान तिरकी झाली, हात कमरेवर गेला. तो तिचा हेल नव्हता. तो नेहानं वरून घातलेला होता. आम्हा दोघींना एकदमच ऐकू आलं. आईनं हात खाली घेतला.

‘‘बघितलंस?’’ ती हळू आवाजात म्हणाली. ‘‘फोनवर माझ्या बहिणीशी येतं आपोआप. तुझ्यासमोर बोलायला गेले की चित्रपटातली ती बाई मधे येते. मी बोलते आहे की ती, मलाच कळत नाही. आणि हे बातम्यांमधलं बोलते, तेही माझं नाही.’’ तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं. ‘‘तू सगळ्यांचं लिहितेस, सुजाता. तूच सांग, मी तुझ्याशी कसं बोलू?’’

टीव्हीवर एक वाजला आणि चित्रपट सुरू झाला. आईनं आवाज बंद केला आणि माझ्या तोंडाकडे बघत बसली. ती खरंच उत्तराची वाट बघत होती.